प्यादेमात आणि बुर्जी : पटावरील युद्धनियमांचा समतोल

पटावरील युद्धाचे नियम रचणाऱ्यापुढे एक जुनीच अडचण असते. सर्व बळे समान शक्तीची ठेवली, तर डावात चव राहत नाही. विषम ठेवली, तर एखादे प्रबळ बळ सगळा डाव गिळून टाकते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अद्भुतकथेतील पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात मांत्रिकाला चिलखत वर्ज्य केले होते. शस्त्र म्हणून केवळ खंजीर आणि मंत्र मोजके. अनुभव वाढला की तोच मांत्रिक योद्ध्यास भारी होई. आरंभीची दुर्बलता ही त्याच्या पुढील सामर्थ्याची किंमत होय. आपल्याकडील बुद्धिबळाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला, तो कसा, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

अल्-बिरूनीने इ. स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात चौघांनी फाशांवर खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन आले आहे. एक पडल्यास राजा किंवा प्यादे चालावे, दोनला रुख, तीनला घोडा, चारला हत्ती. पाच पडले तर ते एक मानावे आणि सहा पडले तर चार. म्हणजे फाशाच्या सहा बाजूंपैकी दोन एकट्या हत्तीच्या वाट्यास येतात. घोडा व रुख यांना प्रत्येकी एकच. एरव्हीच्या बुद्धिबळात हत्ती पुढे एक घर आणि चारही कोनांत एकेक घर चाले. त्याची सोंड व चार पाय असा त्या चालीचा खुलासा बिरूनी देतो. मारलेल्या बळांचे मोलही ठरलेले होते: राजा पाच, हत्ती चार, घोडा तीन, रुख दोन, प्यादे एक. जे बळ वारंवार हाती येते, ते गमावणेही महाग पडावे, असा हा हिशेब दिसतो. तो कोणी जाणूनबुजून घातला की पिढ्यान्‌पिढ्यांच्या खेळातून बसत गेला, हे सांगण्यास मात्र आधार नाही.

दोघांच्या खेळात फासा नाही, म्हणून तेथे तोल अन्यत्र शोधावा लागला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर व उंट यांच्या चाली एकदम लांबल्या; त्यापूर्वी वजीर तिरपे एकच घर चालत असे. प्याद्याला आरंभी दोन घरे तेथे त्याआधीच मिळाली होती आणि पुढे किल्लेकोट आला. देशी पद्धतीने लांब चालींचा वजीर स्वीकारला, परंतु प्यादे एकाच घरावर रोखून धरले. किल्लेकोटाऐवजी राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्याची उडी दिली. प्यादे शेवटच्या घरी पोचले की ते त्या घरच्या मोहऱ्याचे होई, हवे ते मागता येत नसे. डाव संथ झाला खरा. पण बचावाला सवड मिळाली.

याहून महत्त्वाची योजना जयाच्या प्रतवारीत आहे. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, सर्वांत मानाची. प्रतिपक्षाची सर्व बळे मारून राजा एकटा उरला, तर ती बुर्जी. तो पूर्ण जय नव्हे. लासुर्णे (ता. इंदापूर) येथे लहानपणी पाराजवळ पाहिलेला एक डाव या संदर्भात आठवतो. दोन हत्ती बाळगून असलेला जाणता खेळाडू समोरचे उरलेसुरले प्यादे मारीत नव्हता, त्याला वळसा घालून राजामागे फिरत होता. आम्हां मुलांना ती दया वाटली. दया कसली! ते प्यादे मारताच जिंकलेला डाव अर्धा झाला असता. हरणाऱ्याचे अखेरचे प्यादे हेच येथे जिंकणाऱ्यावरचे बंधन होते, आणि ते प्यादे आपण होऊन मरायला पुढे करणे ही हरणाऱ्याची शेवटची युक्ती. आंतरराष्ट्रीय नियमांत असे बंधन नाही. एकट्या राजावर हत्तीने खुशाल मात करावी.

‘बुर्जी’ हा शब्द फारसी ‘बुर्द’वरून आला असावा, मराठी कानाला त्यात ‘बुरूज’ ऐकू आला असल्यास नवल नाही. शब्दांची पुढील गतीही उद्‌बोधक आहे. ‘प्यादेमात’ पटाबाहेर पडून क्षुद्राकडून बलवानाच्या झालेल्या पराभवास लागू झाला आणि टिकला. ‘बुर्जी’ला पटाबाहेर आसरा मिळाला नाही, आणि पटावरील नियम बदलताच तो बोलण्यातून ओसरू लागला. या बदलाची चाहूल बरीच जुनी आहे: तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईस छापले गेले, तेव्हाच ते युरोपीय खेळपद्धतीस जुळवून घेतल्याचे त्याच्या शीर्षकात नमूद होते. देशी डाव खेळलेली माणसे अजून गावोगाव भेटतात. बुर्जी कोठे बरोबरी धरीत आणि कोठे अर्धा जय, हे त्यांच्याकडून गावनिशी टिपून घेण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावयास हवे.