रिद्धपूरच्या राउळांपासून नोंदवहीपर्यंत

आजचा विषय पुष्कळ घरांत असतो, पण ओट्यावर निघत नाही. एखादं लेकरू बोलत नाही, भिंतीवर डोकं आपटतं, आल्यागेल्याला चावतं. कुणी म्हणतं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणतं दोन फटके द्या. आणि आईला वावरात जायचं असलं की त्याच्या पायाला दावं बांधलं जातं. ती आई दुष्ट नसते, तिला मजुरी बुडवून चालत नाही. अशा वागण्याकडे माणसांनी त्या त्या काळी कसं पाहिलं, ते आज सांगायचं आहे. आणि त्यासाठी आधी आपल्याच मोर्शी तालुक्यात जायचं आहे.

रिद्धपूर आपल्याला महानुभावांचं तीर्थ म्हणून ठाऊक आहे, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही आलं. तेराव्या शतकात तिथं श्रीगोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राउळ, राहत. ते चक्रधरस्वामींचे गुरू. पंथाच्या श्रद्धेनं ते परमेश्वराचा अवतार आहेत, आणि त्यांना काही आजार होता असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हाला नवल वाटतं ते गावाचं. राउळ कुणाच्याही घरात शिरत, खायला मागत, रुसत, मध्येच हसत, लेकरांसारखे खेळत. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्याही घरी जात. लोक त्यांना वेडे म्हणत. तेच लोक दुसऱ्या वेळी त्यांना आईबाप म्हणत. हे दोन्ही म्हाइंभटांनी लिहून ठेवलं आहे.

म्हाइंभटांची रीत बघा. राउळांच्या पश्चात ज्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं, ते त्यांनी प्रसंगाप्रसंगानं गोळा केलं: जागा कोणती, सोबत कोण, राउळ काय करत होते, पुढं काय झालं. चक्रधरांच्या लीळा जमवताना तर ते माणसं शोधत गावोगाव फिरले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर तोही नोंदला गेला. म्हणूनच सातशे वर्षांनंतरही आपल्याला तेव्हाच्या रिद्धपूरच्या गल्ल्या दिसतात.

त्यातलाच एक प्रसंग लग्नाचा. राउळांच्या मनानं लग्न घेतलं. भक्तांनी त्यांना गप्प बसवलं नाही, लग्नाची तयारी मांडली. सेवेत महदाइसा होत्या, बालविधवा, फार जिज्ञासू. त्यांनी त्या प्रसंगी धवळे रचून गायले. मराठीतल्या आद्य कवयित्रीचा मान त्यांना मिळतो तो या धवळ्यांमुळे. एका वेगळ्या माणसाची इच्छा मोडून काढली नाही, त्यातून हे आलं. (शाळेत हे शिकवतात, पण गावाचं नाव सांगायचं राहून जातं.)

आता एकदम सात शतकं पुढं आणि फार लांब, अमेरिकेत जाऊ. तिथं 1960 च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी मुलांचं वागणं मोजायला सुरुवात केली. तासात किती वेळा डोकं आपटलं, किती वेळा चावलं, सगळं कागदावर. काम चांगलं होतं. पण त्याच कागदाच्या आधारानं लॉस एंजेलिसमध्ये ओले इव्हार लोव्हास यांनी मुलांना चापट्या मारल्या, विजेचे झटकेही दिले. आकडा खाली आला, म्हणून त्याला उपचार म्हटलं गेलं. इथं आमचं मत ठाम आहे. मारानं लेकरू गप्प होतं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. ते सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. ते कशापायी ओरडत होतं, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

तो प्रश्न 1985 साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी धरला. त्यांच्यासमोर चार मुलं होती. काम अवघड झालं किंवा मोठ्यांचं लक्ष हटलं, की मुलं बिथरत. त्यांना बोलायला शिकवलं: अवघड वाटलं तर ‘मला समजत नाही’ म्हण, लक्ष हवं असेल तर ‘मी नीट करतोय ना?’ असं विचार. ज्याचं जे कारण, त्याला ते वाक्य दिलं, आणि बिथरणं खूप कमी झालं. ओरडणं हीच त्यांची भाषा होती, तिच्या जागी दुसरी मिळाली. 1990 पर्यंत या वाटेला नाव पडलं, सकारात्मक वर्तन आधार. म्हणजे कारण शोधायचं, भोवतालचं बदलायचं, नवं कौशल्य शिकवायचं, वेदना आणि अपमान वापरायचा नाही.

आपल्याकडं 1984 मध्ये सिकंदराबादला मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली, आणि 1992 मध्ये तिनं शिक्षकांसाठी वर्तनावरची पुस्तिका काढली. कायद्याला मात्र वेळ लागला. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळीनं बांधलेल्या पंचवीसहून जास्त मनोरुग्णांना पळताच आलं नाही. 2016 च्या अपंग हक्क कायद्यानं क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण दिलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी केली.

पण सकाळी आठ वाजता वावरात निघालेल्या बाईला कायदा लेकरू सांभाळायला येत नाही, हेही खरं. तिच्या हाती काय आहे? शाळेची जुनी वही. समजा, पोरगं रोज संध्याकाळी चावतं. आठ-दहा दिवस तीनच गोष्टी लिहा: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. कदाचित दिसेल की मिक्सर लागला की चावतं. किंवा भूक लागली की. किंवा चावल्यावरच आई जवळ घेते. मिक्सर असेल तर तो दुसऱ्या खोलीत न्या, आणि भुकेसाठी ताटाचं चित्र दाखवायला शिकवा. अचानक सुरू झालं असेल, तर दात, कान, पोट आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखणं सांगता येत नाही, म्हणूनही लेकरू चावतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ती वही त्यांच्यापुढं ठेवा आणि पुढं कुठं न्यायचं ते त्यांनाच विचारा. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीला सांगा, नाहीतर शेजारणीला.