‘सर्व’, ‘काही’ आणि ‘जर-तर’ यांची कुळकथा

‘सर्व पेरू फळे आहेत. काही फळे गोड आहेत. म्हणून काही पेरू गोड आहेत.’ स्पर्धा परीक्षेत हा निष्कर्ष चूक धरतात आणि गोड पेरू खाऊन आलेला विद्यार्थी चक्रावतो. शब्द घरचेच, पण परीक्षेत ते परक्या कुळाचा अर्थ घेऊन येतात.

ते कूळ ग्रीसचं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने विधानांचे चार साचे ठरवले: सर्व आहेत, एकही नाही, काही आहेत, काही नाहीत. या ‘काही’चा अर्थ ‘निदान एक’ एवढाच. सगळे असले तरी ‘काही’ खरंच. आपण मात्र ‘काही पाहुणे जेवले’ ऐकलं, की उरलेले उपाशी आहेत असं धरून चालतो. पेरूंचंही तसंच. जे निदान एक फळ गोड निघालं ते पेरूच असेल, याची हमी त्या दोन विधानांत कुठेही नाही.

‘जर-तर’वरचं भांडणही ग्रीकांचंच. मेगाराच्या फिलोचं म्हणणं होतं, ‘जर’चा भाग खरा आणि ‘तर’चा खोटा, तेव्हाच विधान खोटं, एरवी खरं. त्याचे गुरू डायोडोरस यांना ते मान्य नव्हतं. वाद इतका गाजला, की छपरावरचे कावळेही त्यावरच काव काव करतात, असं कवी कॅलिमॅकसने लिहून ठेवलं.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ‘जर-तर’ उलटवण्यातला सापळा नेमका हेरला होता. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

‘सर्व’ आणि ‘जर-तर’ यांची सोयरीक 1879 मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी जुळवली. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ म्हणजे ‘कोणीही घ्या, तो माणूस असेल, तर मर्त्य आहे’. म्हणूनच ‘सर्व’ला ‘जर-तर’ म्हणून वाचलं, की दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच युक्तीने सुटतात.

‘जर-तर’ उलटवण्याचा मोह मात्र सहज सुटत नाही. 1966 मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने चार पत्त्यांचं कोडं मांडलं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा: पत्त्याच्या एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. समोर एक स्वर, एक व्यंजन, 4 आणि 7. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? अनेकांनी स्वर आणि 4 निवडले. खरं उत्तर स्वर आणि 7. चारामागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. सातामागे स्वर निघाला, तर मोडतो.

तेव्हा प्रश्न सोडवताना ‘काही’ दिसलं की ‘निदान एक’ वाचा. ‘जर-तर’ नुसतं उलटवू नका. उलटवायचंच तर दोन्हीकडे नकार लावा: अग्नी नाही, तर धूरही नाही.