स्टेशन, संडास आणि सातबारा

मुंबईत घरांसाठी झुंबड उडालेली असताना सरकारने बांधलेल्या हजारो खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून राहिल्या, असंही एकदा झालं आहे. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केलं आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत जाहीर केला. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात खोल्या झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी २०७ इमारती उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या, नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. खात्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना बीडीडी चाळी हे नाव पडलं.

गिरणगावात एकेका खोलीत दहा-दहा माणसं पाळीपाळीने झोपत होती. तरी वरळीच्या नव्या कोऱ्या चाळींकडे कामगार फिरकेनात. कागदावर हे कोडं वाटतं, कामगाराच्या बाजूने पाहिलं तर नाही. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब. रस्ते अर्धवट, दिवाबत्ती तुटपुंजी, बाजार नाही. बदली कामगाराला सकाळी सकाळी गिरणीच्या फाटकावर हजर राहावं लागे, तेव्हा कुठे त्या दिवसाचं काम मिळे. परळ-लालबागच्या जुन्या चाळीखाली उधारीवर शिधा देणारा वाणी होता, गाववाल्यांची खोली होती, खानावळवाली बाई होती, भरतीच्या वेळी ज्याचा शब्द चाले तो मुकादम शेजारच्या गल्लीत होता. काँक्रीटच्या भिंतींसाठी एवढं सगळं सोडायचं? कामगारांनी हिशेब केला आणि सरकारी खोली नाकारली. अडाणी म्हणून त्यांना हिणवणाऱ्या साहेबांपेक्षा हा हिशेब जास्त पक्का होता.

मुंबईत घर निवडण्याचा इतिहास म्हणजे अशा हिशेबांचा इतिहास. काय मिळवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या फारसं बदललं नाही. काय सोडायचं, हे मात्र दर पंचवीस-तीस वर्षांनी बदलत गेलं.

पांढरपेशांचा पहिला मोठा सौदा प्लेगने घडवला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि दाटीवाटीची जुनी वस्ती हाच रोगाचा अड्डा मानला जाऊ लागला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने जुन्या वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखायला घेतली. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही त्याच आखणीची लेकरं. गिरगावात राहणाऱ्या कारकुनाला, मास्तरला, वकिलाला आता विचार करावा लागला: चाळीतला शेजार, हाकेच्या अंतरावरची शाळा आणि देऊळ सोडून या माळावर यायचं का? बदल्यात मिळणार होतं वारा-उजेडाचं, स्वतंत्र दाराचं घर. मुंबईकर त्याला पुढे बरीच वर्षं ‘ब्लॉक’ म्हणत आला.

पण ब्लॉकसोबत संडास घरात येत होता, आणि अनेक सवर्ण घरांत खरी घालमेल त्यावरून झाली. स्वयंपाकघर आणि देवघर ज्या छपराखाली, त्याच छपराखाली शौचकूप ही कल्पना सोवळ्यात वाढलेल्या मंडळींना पचणारी नव्हती. बांधणाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो आजही दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींत पाहता येतो. संडास घराच्या अगदी टोकाला, शक्यतो मागच्या गॅलरीतून जाण्यासारखा. न्हाणीघर वेगळं. आणि इमारतीच्या पाठीला चिकटलेला लोखंडी गोल जिना, सफाई कामगाराने घरात पाऊल न टाकता वर यावं म्हणून. ब्लॉकमध्ये राहायला आलेल्या कुटुंबाने सोवळ्याशी तडजोड केली खरी, पण जातीशी केली नाही. तो जिना याचा पुरावा आहे. आता हे जिने गंजून गेलेत, काही कुंड्या ठेवायला वापरले जातात.

जमीन आणि मालकी या प्रश्नाला एका लहानशा समाजाने मात्र लवकर हात घातला. कारवार-मंगळूरकडून आलेल्या चित्रापूर सारस्वतांनी श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. आशियातली पहिली अशी तिची ओळख सांगितली जाते. घर एकट्याचं नाही, संस्थेचं. सभासदाने भाग घ्यायचे आणि राहायचं. खोली मनासारखी बदलता येणार नाही, विकून नफा काढता येणार नाही, ही तिथली तडजोड. पण कागद पहिल्या दिवसापासून स्वच्छ. हे उदाहरण समोर असूनही पुढची पन्नास वर्षं बहुतेक मुंबईकरांनी दुसरीच वाट धरली.

ती वाट पागडीची. दुसऱ्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून निर्बंध आले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर जवळजवळ गोठवून टाकली. भाडेकरूला काढता येईना, भाडं वाढवता येईना. मग घरमालकाने खोली देतानाच रोकड घ्यायला सुरुवात केली. कायद्याने तो गुन्हा होता, व्यवहाराने रिवाज. खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर येणाऱ्याने जाणाऱ्याला रक्कम मोजायची, त्यातला साधारण तिसरा हिस्सा घरमालकाचा, आणि पावती फक्त महिन्याच्या भाड्याची. त्या काळच्या गिरगाव-ठाकुरद्वारच्या घरांत लोखंडी पेटीत दागिन्यांच्या शेजारी भाडेपावत्यांचा गठ्ठा असे. पंधरा-वीस रुपयांच्या त्या पावत्यांवर हजारोंचा हक्क उभा होता. महिन्याची पावती फाडून घ्यायला विसरणं हे घरातल्या कर्त्या पुरुषाचं अक्षम्य पाप.

भाडं नगण्य, जागा मोक्याची, वारसाला पुढे राहता येणार. बदल्यात मालकी नाही, आणि दुरुस्तीही नाही. गोठलेल्या भाड्यात घरमालक जिन्याची फळीसुद्धा बदलेना. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापन करणारा कायदा झाला आणि शहर भागातल्या साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारतींवर उपकर बसला. पागडीचा व्यवहार कायदेशीर व्हायला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा यावा लागला. दरम्यान दोन खोल्यांत तीन पिढ्या कोंबल्या गेल्या. नव्या लग्नाच्या जोडप्याला चाळीत एकांत कुठून मिळणार, यावर १९७० साली ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट निघाला. दोनच वर्षांत हिंदीत ‘पिया का घर’ या नावाने तो पुन्हा आला. प्रेक्षक हसले, कारण त्यातली खोली त्यांच्या ओळखीची होती.

भाड्याने मिळेल म्हणावं तर तेही दार बंद होत होतं. १९४७ च्या भाडे कायद्यातल्या १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. चांगल्या हेतूने केलेल्या या तरतुदीचा धसका असा, की रिकामा ब्लॉक असणारे तो कुलूप लावून ठेवू लागले किंवा बँकेच्या, कंपनीच्या माणसालाच देऊ लागले. साध्या नोकरदारापुढे उरली ओनरशिप.

तिचा कायदा तयार होता: १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अॅक्ट, बोलीभाषेत मोफा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरने घेऊ नये, मंजूर नकाशे दाखवावेत, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमिनीसह इमारत तिच्या नावे करून द्यावी, असं सगळं त्यात लिहिलेलं होतं. वाचायला सुरेख कायदा.

सत्तरच्या दशकात मध्य रेल्वेवर डोंबिवली, पश्चिमेला बोरिवली इथे रविवारी घरं पाहायला येणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. हे पाहणं म्हणजे एक विधीच होता. सोबत मेव्हणा किंवा ऑफिसातला अनुभवी सहकारी. स्टेशनापासून साइटपर्यंत पायी चालायचं आणि घड्याळ बघायचं. इथून सुटणारी गाडी किती वाजताची? फास्ट थांबते का? पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? तळमजला घेतला तर डास आणि पावसाचं पाणी, सर्वांत वरचा घेतला तर गळती. म्हणून पहिला-दुसरा मजला, आणि त्याला बिल्डर चार पैसे जास्त मागणार. गृहिणी सोबत असेल तर ती आधी स्वयंपाकघरात जायची, ओटा कुठे येईल ते पाहायची, मग खिडकी उघडून मागे काय आहे ते. वन रूम किचन की वन बेडरूम हा वाद परतीच्या गाडीत व्हायचा. गिरगावची खोली पागडीने सोडून आलेल्या पैशांत डोंबिवलीला दोन खोल्या, हॉल आणि घरातला संडास मिळत होता. सोडायचा होता रोजचा वेळ. जाऊन-येऊन अडीच तास, तेही उभ्याने.

या वेळेची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. नोकरी करणाऱ्या बाईचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू होऊन रात्री भाजी निवडण्यापर्यंत ताणला गेला. लोकलच्या डब्यात मटार सोलणाऱ्या बायकांची चित्रं कौतुकाने छापली गेली, पण तो कौतुकाचा विषय होता का, याची शंका घ्यायला जागा आहे. चर्चगेट-बोरिवली ही पहिली खास महिलांची लोकल सुरू झाली ती १९९२ च्या मे महिन्यात. त्याच महिन्यात मानखुर्द-वाशी रेल्वेही आली. सिडकोने नवी मुंबई आखायला घेतली १९७० मध्ये, खाडीपूल झाला १९७३ मध्ये. म्हणजे पुलाच्या भरवशावर सुरुवातीला वाशीत घर घेतलेल्यांनी जवळपास दोन दशकं बसच्या रांगेत काढली. स्वस्त, प्रशस्त, सरकारी आखणीचं घर. वाट मात्र पाहायची. त्यांचा जुगार फळला.

पैसा उभा करणंही तेव्हा कसरतीचंच होतं. सरकारी नोकराला खात्याकडून अग्रिम, काहींना एलआयसीचं कर्ज, बाकीच्यांना पीएफ आणि सोनं. एचडीएफसी १९७७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा सामान्य पगारदाराला घरासाठी कर्ज देणं हाच धंदा असलेली संस्था ही नवलाई होती. नेमक्या त्याच वर्षी भीमसेन यांचा ‘घरौंदा’ आला. फ्लॅटसाठी पै-पै साठवणारं ऑफिसातलं जोडपं आणि त्यांचे पैसे बुडवणारा बिल्डर. लोकांनी वर्तमानपत्रात वाचलेलंच ते पडद्यावर होतं. त्यात १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळी जमीन बाजारात येणं आणखी अडलं. हा कायदा महाराष्ट्रात २००७ पर्यंत टिकला.

इथे एक गोष्ट ठळकपणे म्हणायला हवी. चौरस फूट, मजला, पाणी, गाडी या सगळ्या बाबी या पिढीने विलक्षण काटेकोरपणे तोलल्या. कागदाच्या बाबतीत मात्र ती सैल राहिली. डोंबिवलीच्या कित्येक इमारती शेतजमिनीवर उठत होत्या. सातबारावर कुणाची नावं आहेत, बिनशेती परवानगी झाली का, नगरपालिकेचा भोगवटा दाखला मिळाला का, हे विचारायला संकोच वाटे. बिल्डर ओळखीचा, आपल्यातला, गणपतीच्या वर्गणीला सढळ हाताने देणारा. त्याच्याकडे दाखला कसा मागायचा? शिवाय पूर्ण कागदाचं घर परवडणारं नसे. भाव उतरलेला असे तो बऱ्याचदा याच कारणाने. ही तडजोड केली जातेय हेच अनेकांच्या ध्यानात आलं नाही, म्हणून तिचा हिशेबही कुणी मांडला नाही.

मोफातल्या चार महिन्यांच्या अटीचं काय झालं, ते पुढे दिसलं. चटईक्षेत्र निर्देशांकाचे नियम शिथिल होत गेले, तसतशी जुन्या इमारतीखालच्या जमिनीवर आणखी बांधण्याची मुभा वाढत गेली, आणि ती हातात ठेवायची म्हणून अनेक बिल्डरांनी जमीन सोसायटीच्या नावे केलीच नाही. रहिवाशांनाही घाई नव्हती. सोसायटी नोंदली, मेंटेनन्स भरला जातोय, गच्चीवर कोजागिरी होतेय, मग अडलंय कुठे? अडलं ते स्लॅबमधून सळ्या दिसू लागल्यावर. पुनर्विकासाला आलेला नवा बिल्डर पहिला प्रश्न विचारतो तो जमिनीच्या मालकीचा. पार्किंगचीही तीच कथा. स्टिल्टखालच्या जागा बिल्डर वेगळे पैसे घेऊन विकत असत. अशा जागा स्वतंत्रपणे विकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, तोवर पैसे देऊन मोकळे झालेल्यांची गणती नव्हती.

१ मे २०१७ पासून महारेरा हे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण सुरू झाल्यावर नव्या ग्राहकाला चटईक्षेत्राची एकच व्याख्या आणि प्रकल्पाचे कागद मोबाइलवर मिळू लागले. जुन्यांसाठी सरकारने २००८ मध्ये मोफा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली: बिल्डर सही देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांनी सोसायटीच्या बाजूने आदेश काढायचा. त्यासाठी सोसायटीचे चिटणीस, बहुधा निवृत्त बँकवाले, हल्ली दारोदार फिरून मूळ करारनामे गोळा करताना दिसतात. कुणाचा करार पोटमाळ्यावर वाळवीने खाल्लेला, कुणाच्या वडिलांनी साध्या स्टँपपेपरवर केलेला, कुणाचा मधल्या तीन विक्रीत हरवलेला. मिळकतीच्या उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याच्या आजोबांचं नाव, आणि वारसांपैकी दोघे नाशिकला, एक परदेशात. बिल्डरची भागीदारी संस्था केव्हाच मोडलेली. तरी अर्ज भरला जातो, सोबत सभासदांच्या करारांच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे ‘इंडेक्स टू’, जोडला जातो, नोटीस वर्तमानपत्रात छापून येते आणि सुनावणीची तारीख पडते.