एका फटीची गोष्ट

गेले पंधरा दिवस एक भांडण डोक्यात घोळतंय. माझं नाही हो! (घरचे वाचतायत, म्हणून आधीच सांगितलं.) भांडण शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे, एका इटालियन आणि एका स्पॅनिश माणसाचं. आणि विषय काय, तर आपल्या मेंदूतले धागे एकमेकांना चिकटलेले असतात की नसतात!

शाळेत चेतापेशीची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. फांद्यांसारख्या वृक्षिका, मधे पेशीचं अंग, मग लांब शेपटासारखा अक्षतंतू. हमखास मार्क. पण ती पेशी चित्रात इतकी सुटी, स्वच्छ कशी काय दिसते? खऱ्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर सगळं फिकट, आणि सगळंच रंगवलं तर नुसता काळा गिचका. कुठला धागा कुणाचा, काही पत्ता लागत नाही.

हा गुंता पहिल्यांदा सोडवला कामिल्लो गॉल्जीनं. मिलानजवळच्या आबियातेग्रास्सो गावात, असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात तो डॉक्टर होता. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून तिथल्या एका स्वयंपाकघराचीच त्यानं प्रयोगशाळा केली. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा त्यानं सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, आणि शंभरातल्या दोनचार पेशीच काळ्याभोर रंगल्या. पण रंगल्या त्या टोकापर्यंत. भर जत्रेत बाकी सगळे अदृश्य व्हावेत आणि चारच माणसं नखशिखांत दिसावीत, तसं. ही गोष्ट 1873 सालची. नेमक्या त्याच पेशी का रंगतात, हे आजही पुरतं उलगडलेलं नाही.

एवढं बघून गॉल्जीनं निष्कर्ष काढला, की हे सगळे अक्षतंतू पुढे एकमेकांत मिसळतात, त्यांचं एकच सलग जाळं होतं, आणि मेंदू काम करतो तो त्या अख्ख्या जाळ्यानं. वृक्षिका? त्या पेशीच्या पोषणापुरत्या!

आता दुसरे गृहस्थ, सान्तियागो रामोन इ काहाल. (हा माझा लाडका, त्यामुळे थोडा पक्षपात चालवून घ्या.) पोराला चित्रकार व्हायचं होतं. डॉक्टर वडिलांना ते मान्य नव्हतं, म्हणून त्याला आधी न्हाव्याकडे, मग चांभाराकडे उमेदवारीला धाडलं. शेवटी वडिलांनीच तोड काढली; कबरस्तानातली हाडं दाखवून त्याला ती रेखाटायला लावली, आणि मुलगा शरीरशास्त्राकडे वळला. 1887 मध्ये माद्रिदला एका डॉक्टरच्या घरी त्यानं गॉल्जीच्या पद्धतीनं रंगवलेला काप पाहिला आणि झपाटला. त्यानं दोन बदल केले. एक म्हणजे रंग दोनदा द्यायचा. दुसरा फार हुशार! पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी पिल्लांचा, अंड्यातल्या गर्भाचा मेंदू घ्यायचा. गुंता सोडवण्यापेक्षा तो होण्याआधीच बघायचा. त्याला दिसलं, की अक्षतंतूची टोकं दुसऱ्या पेशीला अगदी खेटून थांबतात. मिसळत नाहीत.

हे छापणार कोण? त्यानं 1888 मध्ये पदरमोड करून स्वतःचंच नियतकालिक काढलं, साठ प्रती. (आपणा ब्लॉगवाल्यांना हे ओळखीचं वाटेल.) स्पॅनिश कोण वाचणार! म्हणून पुढच्या वर्षी सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या घेऊन तो बर्लिनच्या परिषदेला गेला. तिथे म्हाताऱ्या कॉलिकरला त्यानं अक्षरशः सूक्ष्मदर्शकापाशी नेलं, आणि त्याला पटलं. ‘न्यूरॉन’ हा शब्द 1891 चा, वाल्डेयरचा. ‘सिनॅप्स’ 1897 चा, शेरिंग्टनचा.

1906 चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. दोघं पहिल्यांदा भेटले ते स्टॉकहोममध्येच. आणि गॉल्जीनं आपल्या भाषणात काय करावं? ज्या न्यूरॉनच्या सिद्धांतासाठी शेजारच्या माणसाचा सन्मान होत होता, त्याच्यावरच हल्ला चढवला! दुसऱ्या दिवशी काहालनं शांतपणे आपले पुरावे मांडले.

मी हे सगळं वाचतेय त्याला कारण आहे. आईला पार्किन्सन झाल्यापासून ती फट मला पुस्तकातली राहिलेली नाही. पेशीच्या आत निरोप विजेचा असतो. सोडियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, आणि आवरण असलेल्या जाड तंतूत हा निरोप सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. फटीशी मात्र बहुतेक ठिकाणी वीज थांबते आणि रसायन पलीकडे जातं. ऑटो लोवीनं हे 1921 मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. एकाची नस उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्यातलं पाणी दुसऱ्याला दिलं, तर नसेला हात न लावता तेही मंदावलं. आईच्या मेंदूत डोपामिन सोडणाऱ्या पेशीच कमी होत चालल्यात. तिच्या गोळीतल्या लेवोडोपाचं मेंदूत डोपामिन होतं आणि ते फटीपलीकडे पोचतं. गोळीची वेळ टळली, की ताईला फोनवर नुसत्या आवाजावरून कळतं. सगळं सलग जाळं असतं तर औषधानं शिरायचं कुठे, असं मला आपलं वाटत राहतं.

ती फट प्रत्यक्ष दिसली 1950 च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी. काहाल 1934 मध्येच गेला होता. त्याला ती कधीच दिसली नाही.

आणि एक गंमत. 1959 मध्ये फर्शपान आणि पॉटर यांनी क्रेफिश या शेवंडीच्या भावकीतल्या प्राण्यात दाखवलं, की काही जोडांवर वीज थेट पलीकडे जाते. पेशी तिथेही वेगवेगळ्याच. पण भिंतींतून आरपार बारीक नळ्या असतात. असे जोड आपल्या मेंदूतही आहेत. गॉल्जीला जाऊन तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती.