घरच्या सर्व्हरसाठी लिनक्स: आधी त्याचा इतिहास वाचा

समजा, तुम्ही शेगावात राहून पीएचडी करताय. नागपूरच्या अभिलेखागारातून आणलेल्या प्रती, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, सगळं घरच्या एका जुन्या संगणकावर ठेवायचं आहे. त्यावर कोणतं लिनक्स टाकाल? वेग, दिसणं नंतर बघू. आधी इतिहास बघा.

२००४ मध्ये आलेलं सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सचं मोफत रूप. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली गेला. २०१९ मध्ये सेंटओएस ८ आलं, तेव्हा त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळतील अशी अपेक्षा होती. पण डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली: २०२१ अखेर सेंटओएस ८ बंद. त्याच्या भरवशावर असलेल्यांना वर्षभरात बिऱ्हाड हलवावं लागलं.

याउलट डेबियन. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं. त्याला मालक कंपनी नाही. मोठे निर्णय सदस्यांच्या मतदानाने होतात. उबुंटू त्याच पायावर उभं आहे आणि आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. प्रबंधालाही तेवढी लागतातच! म्हणून नुकतीच आलेली स्थिर आवृत्ती घ्या. आणि फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवाच. डिस्क गेली तर कोणतंच लिनक्स वाचवत नाही.

दस्तऐवज हाती आला की आपण विचारतो: हा कोणी केला, कोणाच्या अधिकारात? सर्व्हर निवडतानाही तेच विचारा.