नर्मदेच्या खोऱ्यातला समुद्र

नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदेने आखली आहे. अलीकडे अक्कलकुवा-अक्राणीचा सातपुडा, त्यात अस्तंभा आणि तोरणमाळ. सगळा लाव्हारसाचा काळा कातळ. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बाघ परिसरात मात्र चुनखडीत शिंपले सापडतात. आजचा समुद्र, म्हणजे खंभातचं आखात, तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे.

बाघच्या सागरी अर्चिनांचं, म्हणजे काटेरी गोल कवचाच्या समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांचं, वर्णन भूशास्त्रज्ञ मार्टिन डंकन यांनी 1865 मध्ये प्रसिद्ध केलं, तेही अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या अर्चिनांसोबत. 1869 मध्ये भूशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांवरचा ग्रंथ आला. पुढे भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी निमावर ते कवांट हा पट्टा अभ्यासून 1884 मध्ये इथल्या थरांची क्रमवार मांडणी केली.

हा क्रमच समुद्राची चाल सांगतो. तळाशी वालुकाश्म, म्हणजे नदीमुखाची आणि किनाऱ्याची वाळू. तिच्या माथ्यावर कालवांचा थर, म्हणजे उथळ पाणी. वरच्या गोटेदार चुनखडीत अमोनाइट हे वेटोळ्या कवचाचे समुद्री प्राणी आणि अर्चिन येतात. खुल्या समुद्राचं पाणी आत शिरल्याची ही खूण. त्याहून वर ब्रायोझोआ या चिमुकल्या वसाहती प्राण्यांच्या तुकड्यांची चुनखडी आहे. पाणी पुन्हा उथळ झालं होतं आणि प्रवाहांनी ते तुकडे लोटत आणून साचवले होते.

ही चुनखडी सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीची. त्याच सुमारास मादागास्कर भारतापासून सुटलं आणि पुढची कोट्यवधी वर्षं भारत बेटासारखा उत्तरेकडे सरकत राहिला.

त्या भूमीच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र होते, हेही या शंखशिंपल्यांनीच दाखवलं. बाघचे प्राणी अरबस्तान आणि युरोपच्या प्राण्यांशी जुळतात. दुसऱ्या बाजूच्या, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या थरांतले त्यांच्याहून बरेच वेगळे. मधे जमिनीचा बांध असावा, असं अनुमान एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी यावरून काढलं. खंड सरकतात हे विज्ञानाने मान्य करण्याआधीची ही गोष्ट!

समुद्र हटला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि त्याने हे थर झाकले. नद्यांनी कातळ कापला तिथेच ते पुन्हा उघडे पडले.

सातपुड्यातल्या शाळांनी मुलांना हे थर दाखवायला न्यावं. शिंपला मात्र उचलून आणू नये. तो कोणत्या थरात होता हे कळलं, तरच त्याच्यावरून इतिहास वाचता येतो.