अमेरिकेतील मराठी समाज : कायद्याने दिलेली ओळख आणि घरात जपलेली ओळख

बंगळूरच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत संगणक क्षेत्रातील कंपन्यांसाठी आणि नवउद्योगांसाठी देशभर परिचित आहे. फ्लिपकार्टचा आरंभ २००७ साली येथेच झाला. याच वसाहतीत, ऐंशी फुटी रस्त्यावर, प्रादेशिक पारपत्र कार्यालयही आहे. नोकरीनिमित्त बंगळूरला स्थायिक झालेल्या आणि तेथून अमेरिकेस निघालेल्या कित्येक अभियंत्यांचा प्रवास कागदोपत्री या कार्यालयापासून सुरू होतो. त्यांत मराठी भाषकही असतात. पुणे, सोलापूर वा बेळगावहून बंगळूरला येऊन ते एकदा परप्रांतीय झालेले असतात आणि अमेरिकेत पोहोचल्यावर परदेशी होतात. तेथे आपण नेमके कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम भावनेचा म्हणून नव्हे, तर अर्जातील एका रकान्याच्या रूपाने उभा राहतो.

हा रकाना जुना आहे. अमेरिकेत १७९० साली झालेल्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या व्यक्तीस नागरिकत्व मिळण्यासाठी ती ‘स्वतंत्र गौरवर्णीय’ असणे आवश्यक होते. १८७० साली ही तरतूद आफ्रिकी वंशाच्या लोकांपर्यंत वाढविण्यात आली. आशियाई माणसास मात्र त्यात स्थान नव्हते. नागरिकत्व देण्याच्या या प्रक्रियेस इंग्रजीत ‘नॅचरलायझेशन’ म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य झालेला प्रतिशब्द नाही. मूळ शब्दात ‘नैसर्गिक करून घेणे’ असा अर्थ ध्वनित होतो, आणि तो इतिहास पाहता उपरोधिकच वाटतो.

पंजाबमधून आलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंद यांचे नागरिकत्वाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. मानववंशशास्त्राच्या दृष्टीने भारतीयांची गणना कॉकेशियन वंशात होत असली, तरी सामान्य अमेरिकी माणूस त्यांना गौरवर्णीय मानत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी दिला. विशेष म्हणजे तीनच महिन्यांपूर्वी, जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांचा दावा फेटाळताना, याच न्यायालयाने ‘गौरवर्णीय’ म्हणजे कॉकेशियन असा अर्थ लावला होता. थिंद यांच्या निकालानंतर, पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांविरुद्ध ते रद्द करण्याचे दावे सरकारने दाखल केले.

असा एक दावा सखाराम गणेश पंडित यांच्यावर झाला. जन्म अहमदाबादचा असला, तरी त्यांच्या नावाची घडण मराठी वाचकास ओळखीची वाटेल. ते १९१४ साली अमेरिकी नागरिक झाले होते, कॅलिफोर्नियात वकिली करीत होते आणि थिंद यांच्या बाजूनेही त्यांनी काम केले होते. स्वतःच्या प्रकरणात त्यांनी वंशाचा वाद पुन्हा उकरून काढला नाही. न्यायालयाने विधिवत दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून आपण मायदेशातील हक्क सोडले, विवाह केला, व्यवसाय उभारला; आता ते काढून घेणे अन्यायाचे ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. नागरिकत्व गेले असते, तर वकिलीची सनद धोक्यात आली असती आणि जन्माने अमेरिकी असलेल्या पत्नीच्या नागरिकत्वावरही त्याचा परिणाम झाला असता. अपील न्यायालयाने १९२६ साली पंडित यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर अशा स्वरूपाचे दावे मागे पडले. अमेरिकेतील भारतीयांच्या इतिहासात या खटल्याला जितके महत्त्व मिळावयास हवे, तितके ते मिळालेले नाही, असे आमचे मत आहे.

त्या काळातील जनगणनाही बोलकी आहे. १९२० ते १९४० या तीन जनगणनांत ‘हिंदू’ हा वंश म्हणून नोंदविला जात असे. शीख असो वा मुसलमान, भारतातून आलेला प्रत्येक जण त्यात येई. १९७० मध्ये भारतीयांची गणना गौरवर्णीयांत झाली. भारतीय संघटनांच्या मागणीनंतर १९८० पासून ‘एशियन इंडियन’ असा स्वतंत्र रकाना आला. २०२० च्या जनगणनेत सुमारे ४४ लाख लोकांनी केवळ याच रकान्यात आपली नोंद केली.

मराठी माणसाचा अमेरिकेशी संबंध या साऱ्याहून जुना आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी निघाल्या. प्रस्थानापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले होते. त्यांनी आपला शब्द पाळला. १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी पदवी घेतली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभास उपस्थित होत्या. रमाबाईंनी अमेरिकेतील लोकस्थितीचे वर्णन करणारे मराठी पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध केले. आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. हे सर्व जण शिकून परतले. तेथे स्थायिक होण्याचा मार्ग १९१७ च्या कायद्याने जवळपास बंदच केला होता. १९४६ साली तो किंचित उघडला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, मात्र वर्षाला केवळ शंभर जणांच्या प्रवेशाची मर्यादा ठेवण्यात आली.

खरा बदल १९६५ च्या कायद्याने झाला. देशनिहाय जुनी कोटापद्धती रद्द झाली आणि डॉक्टर, अभियंते, संशोधक मोठ्या संख्येने जाऊ लागले. त्यांनी शहरोशहरी महाराष्ट्र मंडळे स्थापन केली आणि १९८१ साली त्यांची शिखरसंस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, अस्तित्वात आली. तिचे अधिवेशन साधारणपणे दोन वर्षांनी भरते. २०२२ चे अटलांटिक सिटीत, तर २०२४ चे सॅन होजे येथे झाले. गणेशोत्सव आणि नाटके यांपेक्षाही मंडळाच्या मराठी शाळांचे काम अधिक मोलाचे मानावे लागेल. सरकारी रकान्यात ‘भारतीय’ एवढीच नोंद होते. आपण मराठी आहोत हे मुलांना शनिवार-रविवारच्या त्या वर्गात कळते. अर्थात भाषेबरोबर जातीचे भानही समुद्रापार गेले. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावास कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकावर त्याच वर्षी राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. या प्रश्नावर भारतीय समाजात स्पष्ट मतभेद दिसून आले.

राजकारणातही मराठी नाव पोहोचले आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ साली शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि २०२२ च्या निवडणुकीत मिशिगन राज्यातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे.

कोरमंगलातून आज निघणाऱ्या अभियंत्याची स्थिती मात्र ठाणेदारांच्या पिढीहून वेगळी आहे. १९९० च्या कायद्याने आलेला एच-१बी व्हिसा हा मालकाच्या अर्जावर मिळतो. अलीकडच्या वर्षांत मंजूर अर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीयांचे होते. नोकरी गेल्यास नवी शोधण्यास साधारणपणे साठ दिवस मिळतात. कायम वास्तव्याचे, म्हणजे ग्रीन कार्डाचे, वाटप करताना कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची प्रतीक्षायादी अनेक वर्षांची झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा सुटीवर मायदेशी आलेल्यांचीही धावपळ उडाली. प्रत्यक्षात आधीच व्हिसा असलेल्यांना ते लागू नसल्याचा खुलासा नंतर करण्यात आला.

या प्रतीक्षेचा सर्वाधिक भार मुलांवर पडतो. भारतात जन्मलेले, पण तान्हेपणापासून अमेरिकेत वाढलेले मूल एकविसाव्या वर्षी पालकांवर अवलंबून मानले जात नाही. काही सवलती वगळता, त्यास विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. त्याचेच तेथे जन्मलेले धाकटे भावंड मात्र आजवरच्या नियमानुसार जन्मतःच अमेरिकी नागरिक असते. जन्मसिद्ध नागरिकत्वाचा हा नियम मर्यादित करणारा अध्यक्षीय आदेश २० जानेवारी २०२५ रोजी निघाला आणि त्यास लगेचच न्यायालयांत आव्हान देण्यात आले.

हेच कुटुंब कोरमंगलात परतले, तर चित्र उलटते. आता धाकटे मूल परदेशी ठरते. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. २००६ पासून ‘ओसीआय’, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, हे कार्ड मिळते. नावात ‘नागरिक’ असले, तरी त्याने मतदान करता येत नाही वा शेतजमीन खरेदी करता येत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांत अशा मुलांना केवळ अनिवासी भारतीयांसाठीच्या जागा खुल्या राहिल्या. बंधन त्या तारखेनंतर कार्ड घेतलेल्यांनाच लागू होईल, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी दिला. परिणामी एकाच घरातील, एकाच शाळेत जाणारी आणि घरी मराठीच बोलणारी दोन भावंडे बारावीनंतर दोन निरनिराळ्या रांगांत उभी राहू शकतात.